प्रकल्प नोंदी : ब्राउन विद्यापीठाने केलेली स्वतःची चौकशी आणि आमची मराठी पुरवणी

१० जानेवारी २०२५

आमच्या इतिहास अभ्यास मंडळाच्या त्रैमासिकासोबत द्यायच्या बत्तीस पानी पुरवणीचे संपादन माझ्याकडे सोपवण्यात आले आहे. आपल्या पायाभरणीत गुलामांच्या व्यापारातून आलेला पैसा आहे की नाही, हे एखादे विद्यापीठ स्वतःहून तपासायला बसले, तर ते काम कोण चालवते, कोणत्या कागदांवर चालवते आणि शेवटी त्यातून काय निष्पन्न होते, असा विषय बैठकीत ठरला. गेल्या वीस वर्षांत अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांनी असे अहवाल प्रसिद्ध केले आहेत. ग्लासगोने २०१८ मध्ये अहवाल दिला आणि पुढच्या वर्षी वेस्ट इंडिज विद्यापीठाशी वीस वर्षांत दोन कोटी पौंडांचा करार केला. हार्वर्डने २०२२ मध्ये दहा कोटी डॉलर बाजूला काढले. या सर्वांचा आढावा घ्यायचा म्हटले तर पुरवणीची सूची होईल आणि वाचकाच्या हाती नावे व रकमा यांपलीकडे काही लागणार नाही. म्हणून मी एकच विद्यापीठ मध्यभागी ठेवण्याचा प्रस्ताव दिला : ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरातले ब्राउन. तिथली चौकशी या मालिकेत अगदी आरंभीची आहे, ती विद्यापीठाच्या प्रमुखाने स्वतः सुरू केली, आणि तिला आता इतकी वर्षे लोटली आहेत की अहवालानंतर काय घडले हेही तपासता येते. तुलनेसाठी जॉर्जटाउन घ्यायचे. येल घ्यायचे की नाही, ते पुढे ठरवू.

१६ जानेवारी

पहिल्या प्रकरणाचा आराखडा तयार केला. रूथ सिमन्स यांचा जन्म १९४५ साली टेक्सासमधल्या ग्रेपलँड या लहानशा गावी, दुसऱ्याची शेती वाट्याने कसणाऱ्या कुटुंबात झाला. बारा भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. २००१ च्या जुलैमध्ये त्या ब्राउनच्या अध्यक्ष झाल्या आणि आयव्ही लीग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आठ जुन्या विद्यापीठांपैकी एकाच्या प्रमुखपदी प्रथमच कृष्णवर्णीय व्यक्ती आली. त्याच वर्षीच्या वसंतात, म्हणजे त्यांनी पदभार घेण्यापूर्वी, विद्यार्थ्यांच्या दैनिकात गुलामगिरीच्या नुकसानभरपाईला विरोध करणारी एक जाहिरात छापून आली होती आणि तिच्यावरून आवारात मोठी खडाजंगी झाली होती. विषय हवेत होता, पण त्यावर कोणी अभ्यास केलेला नव्हता. २००३ मध्ये सिमन्स यांनी प्राध्यापक, विद्यार्थी आणि प्रशासक यांची एक समिती नेमली. अध्यक्षपद इतिहासाचे प्राध्यापक जेम्स कॅम्पबेल यांच्याकडे दिले.

या प्रकरणाचा गाभा त्यांच्या चरित्रात नसून समितीला दिलेल्या कामाच्या मसुद्यात आहे, असे माझे मत आहे. समितीने विद्यापीठाचा गुलामगिरीशी आणि गुलामांच्या व्यापाराशी असलेला संबंध शोधावा, आणि भूतकाळातल्या अन्यायाची जबाबदारी समाज कशी घेतात यावर खुल्या चर्चा घडवाव्यात, असे दोन भाग त्यात होते. भरपाई द्यावी की नाही, आणि द्यायची तर किती, याचा निकाल समितीने लावायचा नव्हता. २००४ साली वर्तमानपत्रांनी मात्र बातमी दिली ती नेमकी भरपाईच्या रोखाने. विद्यापीठ आता पैसे वाटणार असा समज पसरला, टीकेची पत्रे आली आणि सिमन्स यांना वर्तमानपत्रात लेख लिहून खुलासा करावा लागला. सत्यशोधन आणि देणे यांच्यात त्यांनी पहिल्याच दिवशी भिंत घातली, म्हणून समितीला शांतपणे कागद वाचता आले. त्या भिंतीची किंमत पुढे कुठे मोजावी लागली, तेही आपल्याला दाखवावे लागेल. पानांचा हिशेब करताना शेवटच्या प्रकरणाला जास्त जागा राखून ठेवली आहे.

२ फेब्रुवारी

आठवडाभर ‘सॅली’ या जहाजाच्या कागदांवर काम केले. हे कागद ब्राउनच्याच आवारातल्या जॉन कार्टर ब्राउन ग्रंथालयात जपलेले आहेत आणि त्यांची छायाचित्रे घरबसल्या पाहता येतात, ही या चौकशीची एक मोठी देणगी आहे. निकोलस, जोसेफ, जॉन आणि मोझेस या चार ब्राउन भावांच्या मालकीचे हे जहाज सप्टेंबर १७६४ मध्ये प्रॉव्हिडन्सहून पश्चिम आफ्रिकेकडे निघाले. ज्या महाविद्यालयाचे पुढे ब्राउन विद्यापीठ झाले, त्याला वसाहतीची सनद मिळाली तेही १७६४ हेच वर्ष. जहाजाचा कप्तान ईसेक हॉपकिन्स हा पुढे अमेरिकन क्रांतीच्या काळात वसाहतींच्या आरमाराचा पहिला सरसेनापती झाला. गुलामांच्या व्यापाराचा त्याला आधीचा अनुभव नव्हता.

मालाच्या यादीत मुख्य वस्तू रम. १७,२७४ गॅलन. ऱ्होड आयलंडचा सगळा व्यापार या एका आकड्यात दिसतो : कॅरिबियन बेटांवर गुलामांच्या श्रमाने पिकणाऱ्या उसाची काकवी न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे ऱ्होड आयलंड ज्यात येते त्या अमेरिकेच्या ईशान्य भागात, यायची, तिच्यापासून भट्ट्यांमध्ये रम तयार व्हायची, ती रम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे विकत घेण्यासाठी जायची आणि ती माणसे पुन्हा त्याच बेटांवर विकली जायची. उत्तर अमेरिकेतून निघालेल्या गुलामव्यापाराच्या फेऱ्यांपैकी सुमारे साठ टक्के या एका चिमुकल्या वसाहतीतून, नंतर राज्यातून, निघाल्या आणि त्यांतून एक लाखाहून अधिक माणसे वाहून नेली गेली. दक्षिणेतली कापसाची शेते म्हणजे गुलामगिरी, आणि उत्तरेकडचे लोक म्हणजे गुलामगिरीचे विरोधक, अशी जी ढोबळ विभागणी आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांतूनही झिरपलेली आहे, तिला या रमच्या पिंपांनी तडा जातो.

हॉपकिन्सने किनाऱ्यावर नऊ महिन्यांहून अधिक काळ काढला आणि १९६ माणसे खरेदी केली. इतका काळ जहाज एकाच किनाऱ्याला रेंगाळणे म्हणजे आधी खरेदी झालेल्यांना महिनोन्‌महिने तळघरात कोंडून ठेवणे. पहिल्या मृत्यूंमध्ये एका बाईने गळफास घेतल्याची नोंद आहे. ऑगस्ट १७६५ मध्ये जहाज निघाले आणि काही दिवसांतच, २८ ऑगस्टला, कैद्यांनी उठाव केला. खलाशांनी गोळीबार केला, आठ जण मारले गेले, आणखी काही जबर जखमी झाले. त्यानंतर कित्येकांनी अन्न सोडले, काहींनी समुद्रात उडी घेतली, रोगराईने उरलेल्यांना गाठले. या फेरीत किमान १०९ माणसे मेली. जी अँटिग्वापर्यंत पोहोचली, ती इतकी खंगलेली होती की त्यांना भाव आला नाही. मालकांच्या लेखी फेरी तोट्याची ठरली.

जहाजावरच्या हिशेबाच्या वहीचा नमुना म्हणून आम्ही एक पान मराठीत मांडून पाहिले. तारीख, मग पुरुष, बाई, मुलगा की मुलगी, मग मृत्यू, इतकेच. ती रोजकीर्द आहे, आणि तिच्यात नाव कुठेच नाही. रमची पिंपे, तांदूळ, कापडाचे गठ्ठे यांच्या ओळींमधून मृत्यूंच्या ओळी जातात. सजावट करणाऱ्या विद्यार्थिनीने मृत्यूंच्या ओळी ठळक करण्याची सूचना केली होती. मी नको म्हटले : वहीत त्या ठळक नाहीत, आणि वही लिहिणाऱ्याला त्या इतर ओळींपेक्षा वेगळ्या वाटत नव्हत्या, हीच गोष्ट वाचकाला दिसायला हवी. पान जसे आहे तसेच छापायचे ठरले.

९ फेब्रुवारी

इमारतीचे प्रकरण. १७७० मध्ये महाविद्यालय प्रॉव्हिडन्सला हलले आणि आज युनिव्हर्सिटी हॉल म्हणून ओळखली जाणारी विटांची इमारत उभी राहू लागली. बांधकामाची देखरेख निकोलस ब्राउन आणि कंपनीकडे होती, त्यामुळे मजुरीचा हिशेबही त्याच पेढीच्या दप्तरात सापडतो. काही देणगीदारांनी रोख पैशांऐवजी आपल्या गुलामाचे कामाचे दिवस दिले. हिशेबात जमा होते ती मालकाच्या नावावर. न्यूपोर्टच्या लोपेझ आणि रिव्हेरा या गुलामव्यापारी पेढीने लाकूड दिले. पहिले अध्यक्ष जेम्स मॅनिंग यांनी येताना स्वतःचा एक गुलाम आणला होता, त्याला त्यांनी १७७० मध्ये मुक्त केले. विद्यापीठाच्या नियामक मंडळाच्या सदस्यांपैकी सुमारे तीस जण कधी ना कधी गुलामांच्या जहाजांचे मालक किंवा कप्तान होते.

समितीच्या लेखनाचा एक गुण इथे ठळकपणे लक्षात येतो. विद्यापीठ गुलामांच्या पैशावर उभे राहिले, असे घोषणेसारखे वाक्य लिहिणे तिला सहज शक्य होते. तिने ते टाळले. त्या वेळच्या ऱ्होड आयलंडमध्ये देणगी देण्याइतका पैसा ज्याच्याकडे होता, त्याचा धागा कुठेतरी या व्यापाराला लागतच होता, आणि म्हणून कोणता रुपया स्वच्छ व कोणता मलिन अशी वाटणी करता येत नाही, असा तिचा निष्कर्ष आहे. (रुपया हा शब्द माझा. पुरवणीत डॉलरच राहील.) माझ्या मते हा निष्कर्ष घोषणेपेक्षा अधिक अडचणीचा आहे, कारण त्यातून कोणालाच सुटका मिळत नाही.

२० फेब्रुवारी

दोन भावांच्या प्रकरणासाठी चार पाने हवी आहेत, असे मी आज संपादक मंडळाला कळवले. ‘सॅली’च्या फेरीनंतर निकोलस, जोसेफ आणि मोझेस या व्यापारातून बाहेर पडले, जॉन पडला नाही. मोझेसने १७७३ मध्ये आपल्या गुलामांना मुक्त केले, तो क्वेकर पंथात गेला, आणि १७८९ मध्ये प्रॉव्हिडन्सला स्थापन झालेल्या गुलामव्यापारविरोधी संस्थेत पुढे होता. जॉन त्याच काळात महाविद्यालयाचा खजिनदार होता, दोन दशकांहून अधिक काळ. परदेशी गुलामव्यापारावर बंदी घालणारा संघराज्याचा कायदा १७९४ मध्ये झाला. त्याखाली पहिला खटला जॉनवर चालला, आणि १७९७ मध्ये त्याचे ‘होप’ हे जहाज जप्त झाले. खटल्यामागे ज्या संस्थेचा पाठपुरावा होता, ती मोझेसची. जॉन पुढे अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून गेला आणि तिथेही या व्यापाराची बाजू मांडत राहिला.

एक तपशील मुद्दाम चौकटीत घेतला आहे, कारण मराठी मजकुरात तो हमखास चुकीचा येतो : विद्यापीठाचे नाव जॉनवरून पडलेले नाही. निकोलसचा मुलगा, धाकटा निकोलस, याने १८०४ मध्ये पाच हजार डॉलर दिले आणि महाविद्यालयाने त्याचे नाव घेतले.

या प्रकरणाला ‘चांगला भाऊ, वाईट भाऊ’ असे वळण देण्याचा मोह मंडळातल्या एका सहकाऱ्याच्या मसुद्यात दिसतो. मोझेसने व्यापार सोडला, पण पुढे त्याने उभ्या केलेल्या कापडगिरण्यांना लागणारा कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला असे. त्याच्या पश्चात्तापाला त्यामुळे बाध येतो असे मी म्हणत नाही. मसुद्यात हे वाक्य मात्र घालायला सांगितले आहे.

५ मार्च

आजच्या बैठकीत अण्णांनी, म्हणजे आमच्या सर्वांत ज्येष्ठ सदस्यांनी, अपेक्षित प्रश्न विचारला : हे सगळे ठीक आहे, पण मराठी वाचकाने यावर बत्तीस पाने का वाचावीत? आणि लिहायचेच असेल तर पेशवाईतल्या कुणबिणींवर, म्हणजे विकत घेतलेल्या दासींवर, का लिहू नये, ज्यांच्या खरेदी-विक्रीच्या आणि सरकारी कोठ्यांवरच्या कामाच्या नोंदी आपल्याच दप्तरांत पडून आहेत?

दुसरा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर म्हणून मी वेगळ्या अंकाची मागणी केली. कुणबिणींचा विषय ब्राउनच्या पुरवणीत दोन पानांचे शेपूट म्हणून जोडणे हा त्या विषयावर अन्याय ठरेल. त्याला स्वतःचे कागद आहेत आणि ते आधी वाचायला हवेत. पहिल्या प्रश्नाला मी जोतीराव फुल्यांची अर्पणपत्रिका पुढे केली. १८७३ मधले ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांनी हबशांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झीज सोसली, त्यांच्या सन्मानार्थ अर्पण केले होते. पुण्यात बसून, गृहयुद्ध संपल्याला अवघी आठ वर्षे झाली असताना, अमेरिकेतल्या मुक्तीकडे मराठी माणूस असा पाहत होता. त्या मुक्तीचा मागचा हिशेब तिथल्या संस्थांनी कसा मांडला, हे आज मराठीत वाचायला मिळणे गैरलागू नाही. अण्णांचे पूर्ण समाधान झाले असे वाटत नाही, पण कुणबिणींच्या अंकाचा ठराव त्यांनी स्वतः लिहून दिला.

१२ मार्च

जॉर्जटाउनचे प्रकरण वाचून झाले. ते तुलनेपुरते घ्यायचे ठरले होते, परंतु आता ते पुरवणीचा कणा होईल असे दिसते आहे.

वॉशिंग्टनमधले जॉर्जटाउन हे जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी चालवलेले महाविद्यालय १७८९ मधले. मेरीलँडमध्ये जेझुइटांच्या मोठ्या जमिनी होत्या आणि त्या गुलाम कसत. १८३० च्या दशकात महाविद्यालय कर्जात बुडाले. मेरीलँडच्या जेझुइटांचे प्रमुख थॉमस मल्लेडी, जे त्याआधी महाविद्यालयाचे अध्यक्ष होते, त्यांनी १८३८ च्या जूनमध्ये २७२ माणसे लुईझियानाच्या दोन खरीददारांना १,१५,००० डॉलरला विकण्याचा करार केला. पहिल्या हप्त्यातले १७,००० डॉलर महाविद्यालयाच्या कर्जफेडीत गेले. रोमहून आलेल्या परवानगीत अटी होत्या : कुटुंबे तोडू नयेत, त्यांच्या उपासनेची सोय असावी, मिळालेला पैसा कर्ज फेडायला वापरू नये. त्या पाळल्या गेल्या नाहीत.

करारासोबत यादी आहे आणि यादीत नावे आहेत. आयझॅक हॉकिन्स हे पहिले नाव. पुढे मुले, नातवंडे, वये. शिवाय पाद्री हे बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या नोंदी काटेकोर ठेवणारे, त्यामुळे मेरीलँडमधून लुईझियानापर्यंत एकेका कुटुंबाचा माग काढता आला. विद्यापीठाने २०१५ मध्ये कार्यगट नेमला. पुढच्या वर्षी त्याचा अहवाल येईपर्यंत वंशजांचा शोध बाहेर स्वतंत्रपणे सुरूही झाला होता, आणि त्या प्रयत्नांतून हजारो वंशज सापडले. साहजिकच तिथला प्रश्न ‘विद्यापीठाने काय कबूल करावे’ इथे थांबला नाही. आमच्याशी बोलल्याशिवाय तुम्ही आमच्याविषयी ठरवता कसे, असे विचारणारी माणसे दारात उभी राहिली. २०१६ मध्ये प्रवेशाच्या वेळी वंशजांना माजी विद्यार्थ्यांच्या मुलांसारखे प्राधान्य देण्याचे जाहीर झाले. एप्रिल २०१७ मध्ये प्रार्थनासभेत विद्यापीठाने आणि जेझुइटांनी माफी मागितली, आणि मल्लेडींचे नाव असलेल्या इमारतीला आयझॅक हॉकिन्स यांचे नाव दिले गेले. दुसऱ्या इमारतीला ॲन मरी बेक्राफ्ट या मुलींची शाळा चालवणाऱ्या मुक्त कृष्णवर्णीय शिक्षिकेचे नाव मिळाले. २०१९ मध्ये विद्यार्थ्यांनी दर सत्राला २७.२० डॉलर शुल्क स्वतःवर लावून घेण्याच्या बाजूने दोन-तृतीयांश मतदान केले. विद्यापीठाने सक्तीचे शुल्क न आकारता देणग्यांतून वर्षाला चार लाख डॉलर उभे करण्याचा मार्ग धरला. २०२१ मध्ये जेझुइटांनी वंशजांसोबत स्थापन केलेल्या प्रतिष्ठानाला दहा कोटी डॉलर देण्याचे वचन दिले.

आता ‘सॅली’ची वही आणि जॉर्जटाउनची यादी शेजारी ठेवून पाहिली, म्हणजे या पुरवणीला सांगायचे काय आहे ते स्पष्ट होते. एका ठिकाणी हिशेब लिहिणाऱ्याला नाव लिहिण्याची गरज नव्हती, कारण समुद्रावर माल मोजला की पुरे. दुसऱ्या ठिकाणी विक्रीच्या कागदाला कायद्याने ओळख लागत होती आणि चर्चला आत्म्याची नोंद हवी होती, म्हणून नावे टिकली. ब्राउनच्या समितीला १०९ मृतांचे वंशज शोधणे शक्यच नव्हते, आणि जे अँटिग्वाच्या बाजारात विकले गेले, त्यांचा मागही तिथेच संपतो. म्हणून ब्राउनची जबाबदारी शहराकडे, शाळांकडे, संशोधनाकडे वळली. जॉर्जटाउनची माणसांकडे वळली, कारण त्यांना पत्ता होता. विद्यापीठाच्या प्रमुखाची इच्छाशक्ती, समितीचा दर्जा, वर्तमानपत्रांचा दबाव या सगळ्याचा वाटा आहेच, पण कोणाचे देणे लागतो हे ठरवताना दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाने काय लिहिले आणि काय लिहिले नाही, त्याचा वाटा सर्वांत मोठा दिसतो. गुलामांना नाव न देणाऱ्याला त्याचा आजही फायदा मिळतो, असा याचा अस्वस्थ करणारा अर्थ निघतो, आणि तो पुरवणीत स्पष्ट शब्दांत यावा असा माझा आग्रह राहील.

१३ मार्च

कालच्या नोंदीवरून प्रकरणांचा क्रम बदलला. वही आणि यादी समोरासमोरच्या पानांवर येतील.

२२ मार्च

पैशाचे प्रकरण. ब्राउनच्या समितीचा अहवाल ऑक्टोबर २००६ मध्ये आला. त्यात संबंध कबूल करावा, विद्यापीठाचा अधिकृत इतिहास दुरुस्त करावा, स्मारक उभारावे, गुलामगिरी आणि न्याय यांच्या अभ्यासाचे केंद्र काढावे, देणग्या व गुंतवणूक स्वीकारताना नैतिक कसोटी लावावी आणि प्रॉव्हिडन्सच्या शाळांना मदत करावी, अशा शिफारसी होत्या. विद्यापीठाचे औपचारिक उत्तर फेब्रुवारी २००७ मध्ये आले आणि त्यात शहरातल्या सरकारी शाळांतील मुलांसाठी एक कोटी डॉलरचा कायम निधी उभारण्याचे वचन होते. केंद्र २०१२ मध्ये सुरू झाले. शिल्पकार मार्टिन पर्यिअर यांचे स्मारक २०१४ मध्ये युनिव्हर्सिटी हॉलजवळच्या हिरवळीवर आले. अहवालाची नवी आवृत्ती २०२१ मध्ये निघाली, आणि केंद्राला २०२३ मध्ये सिमन्स यांचे नाव देण्यात आले.

शाळांचा निधी मात्र २०२० मध्ये पूर्ण भरला गेला. वचन २००७ चे. मधल्या काळात जी मुले पहिलीत होती ती शाळा संपवून बाहेर पडली. देणगीदार मिळतील तसा निधी वाढवायचा, अशी मूळ योजना होती, आणि देणगीदार केंद्रासाठी व इमारतींसाठी मिळतात तितके शेजारच्या सरकारी शाळांसाठी मिळत नाहीत. विद्यार्थ्यांनी आणि वर्तमानपत्रांनी हा विषय पुन्हा लावून धरल्यावर विद्यापीठाने उरलेली रक्कम स्वतः घातली. ज्या संस्थेची एकूण ठेव अब्जावधी डॉलरची आहे, तिच्यासाठी एक कोटी ही अडचणीची रक्कम नव्हती, हे लिहायला कचरण्याचे कारण नाही. सत्यशोधन आणि देणे यांच्यात २००३ मध्ये घातलेली भिंत इथे आडवी आली, असे मला वाटते : समितीला देण्याविषयी अधिकार नव्हता, म्हणून तिला वेळापत्रकाविषयीही अधिकार नव्हता, आणि अहवाल दिल्यावर ती विसर्जित झाली. एका सहकाऱ्याचे मत वेगळे आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे भिंत नसती तर अहवालच आला नसता, आणि मग विचारायला निधीही नसता. दोन्ही मते पुरवणीत शेजारी छापावीत असे ठरले. त्याचे टिपण माझ्यापेक्षा नेटके आहे.

२ एप्रिल

येलचा प्रश्न निकालात काढला : दोन पाने. येलने ऑक्टोबर २०२० मध्ये इतिहासकार डेव्हिड ब्लाइट यांच्या नेतृत्वाखाली संशोधन सुरू केले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये औपचारिक माफी मागितली. एलिहू येल हा १६८७ ते १६९२ या काळात मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्याचा गव्हर्नर होता. त्या दशकात दुष्काळात विकली गेलेली माणसे ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून बाहेर पाठवली जात होती, आणि युरोपला जाणाऱ्या प्रत्येक जहाजावर किमान दहा गुलाम असावेत असा हुकूम त्याच्या कारकिर्दीत लागू होता. १६८८ मध्ये मद्रासच्या कौन्सिलने हा व्यापार बंद केला, तोही मोगल अधिकाऱ्यांच्या तक्रारीनंतर. १७१८ मध्ये येलने न्यू हेवनच्या महाविद्यालयाला मालाचे नऊ गठ्ठे, ४१७ पुस्तके आणि राजा पहिला जॉर्ज याचे चित्र पाठवले. माल विकून आलेल्या सुमारे ५६२ पौंडांच्या बदल्यात संस्थेने त्याचे नाव धारण केले.

मराठी वाचकाला इथे एक ओळखीचा मुक्काम भेटतो. छत्रपती राजाराम महाराज जिंजीत असताना, १६९० मध्ये, कडलूरजवळचा देवनामपट्टणमचा किल्ला मराठ्यांकडून विकत घेतला तो याच गव्हर्नरच्या कौन्सिलने. किल्ल्यावरून डागलेला तोफेचा गोळा जिथवर पडेल तिथवरचा मुलूख सोबत, असा तो सौदा होता, आणि त्या टापूतल्या गावांना तमिळमध्ये अजून गोळ्याची गावे म्हणतात. हा संबंध खरा आहे, परंतु त्याला त्याच्या मापातच ठेवले पाहिजे : सौदा किल्ल्याचा होता, गुलामांचा नव्हता. येलच्या अहवालाचा मुख्य भारही मद्रासवर नाही. तो न्यू इंग्लंडमध्येच आहे, येलची कनेटिकट हॉल ही जुनी इमारत बांधणाऱ्या गुलामांवर आणि १८३१ मध्ये कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाचा प्रस्ताव ७०० विरुद्ध ४ मतांनी फेटाळणाऱ्या न्यू हेवन शहरावर. मसुद्यातल्या ‘मराठ्यांचा येलशी संबंध’ या शीर्षकाऐवजी ‘मद्रासचा गव्हर्नर’ असे साधे शीर्षक दिले.

१४ एप्रिल

चित्रांच्या ओळी लिहिल्या. पर्यिअर यांच्या स्मारकात जमिनीत अर्धवट रुतलेला ओतीव लोखंडाचा मोठा घुमट आहे, त्यातून साखळी वर येते आणि तुटते. तुटलेल्या कडीचा पृष्ठभाग आरशासारखा असल्याने त्यात आकाश दिसते. चित्राखाली एवढेच वर्णन, शिल्पकाराचे नाव आणि वर्ष द्यायचे. प्रतीकाचा अर्थ उलगडून सांगणारी तीन वाक्ये कच्च्या मजकुरात होती, ती काढली.

येलच्या पानांवर एलिहू येलचे ते तैलचित्र घ्यायचे, ज्यात टेबलाजवळ गळ्यात धातूची कडी असलेला एक मुलगा उभा आहे. हे चित्र २०२० मध्ये संग्रहालयाच्या भिंतीवरून उतरवले गेले, त्या मुलाविषयी संशोधन झाले आणि २०२२ मध्ये ते परत लावले गेले. त्या मुलाला नाव नाही. १२ मार्चच्या नोंदीतला मुद्दा इथे पुन्हा येतो, म्हणून हे चित्र जॉर्जटाउनच्या यादीनंतर लगेच घेतले.

२५ एप्रिल

मुद्रितशोधनाची पहिली फेरी झाली. नावांच्या लेखनात एकवाक्यता आणली. रकमा त्या-त्या काळच्या डॉलर-पौंडांतच ठेवल्या आणि आजच्या रुपयांत रूपांतर केले नाही, कारण जुन्या रकमांचे आजचे मोल कोणत्या पद्धतीने काढायचे यावरच ग्लासगोच्या अहवालात १.६७ कोटी ते १९.८ कोटी पौंड इतकी मोठी तफावत पडली होती. ‘सॅली’चे पान आणि जॉर्जटाउनची यादी समोरासमोर बसली आहे, यादीतली नावे मूळ क्रमानेच लावली, वर्णानुक्रम केला नाही, त्यामुळे कुटुंबे एकत्र राहिली. सर्व २७२ नावे दोन पानांत मावत नव्हती. टंक लहान करण्यापेक्षा येलची दोन पाने दीडवर आणली आणि यादी पूर्ण दिली. अण्णांनी कुणबिणींच्या अंकासाठी दप्तरखान्याकडे परवानगीचा अर्ज केला आहे. त्याची प्रत या नोंदवहीला जोडली. पुरवणी सोमवारी छपाईला जाईल.